तंबूबाहेरची सर्कस आणि हातातले कंदील : वस्तीतल्या मोफत उन्हाळी उत्सवाची पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या अनेक शहरांत उन्हाळ्यात एखाद्या वस्तीच्या बागेत एक संध्याकाळ साजरी होते. दुपारी मुले कागदी कंदील बनवतात. उंच काठ्यांवर चालणारे कलाकार गर्दीतून फिरतात, ढोल आणि पितळी वाद्यांचे ताफे वाजत राहतात. अंधार पडला की कंदिलांची मिरवणूक निघते आणि शेवटी आगीचे खेळ होतात. तिकीट नसते. हे सगळे स्थानिक परंपरेतून आपसूक उगवले असावे असे पाहणाऱ्याला वाटते, पण तसे नाही. यातला जवळपास प्रत्येक घटक 1960 ते 1985 या काळात थोड्याशा मंडळींनी ठरवून जुळवला, आणि त्याचे धागे बऱ्यापैकी अचूक दाखवता येतात.

सुरुवात सर्कशीपासून करू, कारण तिचा प्रवास उलटा आहे. लंडनमध्ये 1768 साली फिलिप ॲस्टली उघड्या मैदानावर घोडेस्वारीच्या कसरती दाखवत असे आणि टोपी फिरवून पैसे गोळा करत असे. रिंगणाचा 42 फूट व्यास त्याच्याच काळात पक्का झाला. त्याला कारण आहे. घोडा गोल दौडताना स्वार आत झुकतो, आणि या मापाच्या वर्तुळात उभ्याने तोल सांभाळणे त्याला सोपे जाते. पुढे रिंगणाभोवती भिंती आल्या. 1825 मध्ये अमेरिकेत जोशुआ पर्डी ब्राउनने कापडी तंबूत खेळ लावले. तंबू पावसापासून वाचवतो हे खरे, पण त्याचे मोठे काम आडोशाचे. बाहेरून दिसत नाही म्हणून तिकीट विकता येते. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली तीही चिआरिनीची परदेशी सर्कस पाहून, म्हणजे तिकिटाच्या तंबूचाच नमुना समोर ठेवून. भारतात सर्कस आजही त्याच साच्यात आहे.

हा साचा 1960 नंतर बागांमध्ये मोडला गेला, आणि आधी मोडला तो नाटकवाल्यांनी. सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूपने 1962 पासून शहरातल्या बागांत मोफत प्रयोग सुरू केले. 1965 मध्ये लाफायेट पार्कमध्ये परवान्यावरून अटक झाली, तेव्हा सार्वजनिक बागेत खेळ करायला परवानगी कोणाची आणि कशाच्या आधारे हा प्रश्न उघडपणे पुढे आला. त्याच शहरात 1974 च्या सुमारास दोन मंडळ्या निघाल्या आणि आजच्या उत्सवाचे सांगाडे त्यांच्याकडून आले. ‘पिकल फॅमिली सर्कस’ने प्राणी वगळले आणि प्रयोगाचे यजमानपद वस्तीतल्या संस्थांना दिले. तिकिटे आणि आजूबाजूची जत्रा त्या संस्था सांभाळायच्या आणि त्यातून त्यांना निधी मिळायचा. ‘मेक-अ-सर्कस’ आणखी पुढे गेली. तिचे बागेतले प्रयोग मोफत असत आणि त्यांचे तीन भाग असत : आधी खेळ, मग मध्यंतरात मुलांना जगलिंग, विदूषकी, काठ्यांवर चालणे शिकवणाऱ्या कार्यशाळा, आणि उत्तरार्धात तीच मुले रिंगणात. प्रेक्षकाला तासाभरात कलाकार करायची ही युक्ती आज इतकी रुळली आहे की ती कोणीतरी शोधून काढली होती हे विसरायला होते.

पश्चिमेकडे सर्कशीचे ज्ञान तोवर बहुतांशी घराण्यांत बंद होते. ते शाळांत आले तेही याच सुमारास. 1974 मध्ये पॅरिसमध्ये सर्कसशाळा उघडल्या, 1981 मध्ये माँट्रियलमध्ये राष्ट्रीय सर्कसशाळा. घराण्याबाहेरचा तरुण कलाकार आला, आणि त्याच्याकडे ना हत्ती होते ना तंबू. रस्ताच त्याचे रिंगण झाला. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या बे-सेंट-पॉल या छोट्या गावी काठ्यांवर चालणाऱ्यांचा एक ताफा जमला. त्यातल्या जिल सेंट-क्रुआने 1980 मध्ये निधीसाठी क्यूबेक शहरापर्यंत सुमारे 90 किलोमीटर अंतर काठ्यांवर चालून काढले. याच मंडळींनी 1982 पासून गावात रस्त्यावरच्या कलाकारांची जत्रा भरवली, आणि 1984 मध्ये, जाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीच्या कॅनडाच्या सफरीला 450 वर्षे झाल्याच्या निमित्ताने, त्यातून ‘सर्क द्यू सोलेय’ निघाली. ती पुढे तंबूत आणि महागड्या तिकिटांत गेली, हा त्या इतिहासातला विनोद आहे. माँट्रियलने मात्र एक हिस्सा रस्त्यावर परत आणला. सेंट-मिशेल वस्तीतल्या जुन्या मिरॉन चुनखडी खाणीत, म्हणजे शहराच्या मोठ्या कचरा डेपोच्या काठावर, 2004 मध्ये ‘टोहू’ हे सर्कसकलांचे गोल नाट्यगृह उभे राहिले. 2010 पासून जुलैमध्ये भरणाऱ्या शहराच्या सर्कस महोत्सवात तिकिटाच्या खेळांबरोबर चौकांतले मोफत खेळही असतात.

काठ्यांचा खेळ अशा उत्सवात सर्वांत आधी का दिसतो? त्याला मंच लागत नाही, वीज लागत नाही, आणि हजारोंच्या गर्दीत मागच्या माणसालाही तो दिसतो. ॲल्युमिनियमच्या किंवा लाकडाच्या काठ्या पट्ट्यांनी पायाला बांधलेल्या असतात, गुडघ्याखाली एक पट्टा आणि पावलाला एक. टोक लहान असल्यामुळे स्थिर उभे राहता येत नाही, सतत पावले बदलावी लागतात. म्हणूनच हे कलाकार जागच्या जागी नाचताना दिसतात. अपघात बहुधा चार कारणांनी होतात : सैल झालेला पट्टा, झिजलेले रबरी टोक, ओली हिरवळ आणि मागून पाय धरणारे मूल. अनुभवी माणूस गुडघ्यांना जाड गाद्या बांधतो आणि तोल गेलाच तर पुढे, गुडघ्यांवर पडायला शिकलेला असतो. सोबत जमिनीवर चालणारा एक राखणदार असावाच. पैसे वाचवायचे म्हणून पहिली काट त्याच्यावर बसते, आणि ती चूक आहे.

आता कंदील. हा धागा ब्रिटनमधून येतो. जॉन फॉक्स आणि सू गिल यांनी 1968 मध्ये ‘वेल्फेअर स्टेट इंटरनॅशनल’ ही मंडळी काढली. नाट्यगृहाबाहेर, वस्तीतल्या लोकांना घेऊन, कागद-लाकूड-आगीतून भव्य दृश्ये उभारणे हे तिचे काम. 1982 च्या जपान दौऱ्यात त्यांनी कागदी कंदिलांचे उत्सव पाहिले आणि 1983 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील अल्व्हर्स्टन गावात पहिली कंदील मिरवणूक काढली. तंत्र जपानी, पण सामान गावात मिळणारे. बांबूऐवजी विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडाच्या, टोपल्या विणायच्या काड्या. ज्याने कामट्या, खळ आणि घोटीव कागद घेऊन घरी आकाशकंदील केला आहे, त्याला हे काम लगेच कळेल. फरक आहे तो जोडणीत आणि कागद लावण्याच्या पद्धतीत.

साधा पिरॅमिड कंदील असा होतो. सुमारे 40 सेंटिमीटरच्या चार काड्यांचा चौकोन, त्यावर फुलीसारख्या दोन आडव्या, कोपऱ्यांतून 90 सेंटिमीटरच्या चार उभ्या काड्या वर एकत्र, आणि मध्यावर ताठपणासाठी चार छोट्या. एकूण 14. जोड दोऱ्याने नव्हे, मास्किंग टेपने. टेप जोडावर तिरकी, दोन्ही दिशांनी घट्ट ओढून गुंडाळायची. मुलांचे हात दोरा बांधताना थकतात, टेपने सहा वर्षांचे मूलही सांगाडा पुरा करते, आणि ही पद्धत जगभर पसरली त्याचे खरे कारण हेच. गोल आकार हवे असतील तर काड्या काही तास पाण्यात भिजवाव्या लागतात, नाहीतर वाकवताना मोडतात.

कागद ओला झाल्यावर न फाटणाऱ्या जातीचा पातळ टिश्यू हवा. साधा पतंगी कागद गोंद लागताच हातात येतो. फेविकॉलसारखा पांढरा गोंद आणि पाणी निम्मेनिम्म करून स्पंजने कागदाच्या दोन्ही बाजूंना फासायचा, कागद सांगाड्यावर अलगद ठेवायचा, पुढचा तुकडा पाचेक सेंटिमीटर वर चढवायचा. ओला असताना तो सुरकुतलेला आणि लोंबकळता दिसतो, आणि इथेच नवशिके ओढाताण करून भोक पाडतात. रात्रभर वाळला की तो आपोआप ताणून ढोलकीच्या पानासारखा टणक होतो. गोंद घट्ट राहिला तर पांढरे डाग उरतात आणि उजेड एकसारखा फाकत नाही. वाळवायला रात्र लागते, त्यामुळे उत्सवाच्या दुपारी केलेला कंदील त्याच संध्याकाळी ओलाच असतो. म्हणून नीट नियोजन केलेल्या उत्सवांत कार्यशाळा आठवडे-दोन आठवडे आधीपासून शाळांत, समाजमंदिरांत चालतात. वस्ती त्या खोल्यांतच जमते. मिरवणूक हा त्याचा शेवटचा तासभर.

मेणबत्ती असेल तर टोकाखालचे किमान 10 सेंटिमीटर उघडे सोडावे लागते, नाहीतर उष्णता कोंडून वरचा कागद करपतो. ज्योत फुलीच्या मध्यावर तारेने पक्की करायची आणि कंदील दीडेक मीटरच्या बांबूला तारेच्या कडीने टांगायचा, म्हणजे बांबू तिरका झाला तरी कंदील सरळ लोंबतो. कंदील बांबूवर घट्ट ठोकला तर वाऱ्यात तो ज्योतीसकट कलतो आणि पेटतो. अलीकडे बहुतेक ठिकाणी एलईडी आले. पेटण्याची भीती गेली, पण एलईडीचा ठिपका कागदातून टोचतो. त्यावर टिश्यूचा एक चुरगळलेला गोळा बसवला की उजेड पसरतो.

अटलांटिकपलीकडे हे तंत्र नेण्यात वेल्फेअर स्टेटच्या कॅनडातल्या कामांचा हात होता. कंदिलांच्या आधीच, 1981 मध्ये, टोरंटोच्या बेटांवर त्यांनी मोठा प्रयोग केला होता, आणि 1986 मध्ये व्हँकूव्हरच्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी पाण्यावरचा. व्हँकूव्हरमध्ये 1985 साली ‘पब्लिक ड्रीम्स सोसायटी’ स्थापन झाली होती, आणि तिच्या ‘इल्युमिनारेस’ने आज परिचित असलेला साचा पक्का केला : जुलैची संध्याकाळ, शहराच्या पूर्व भागातले ट्राउट लेक हे तळे, मोफत प्रवेश, घरून करून आणलेले कंदील, काठीवाले, संगीत, तळ्याभोवती फेरी आणि शेवटी आग.

तळ्याची निवड शहाणपणाची होती. पाण्यात प्रत्येक कंदील दुप्पट दिसतो, आणि तळ्याभोवतीच्या वाटेवर मिरवणूक वर्तुळात राहते, रस्ता बंद करावा लागत नाही. अडचण निसर्गाची आहे. व्हँकूव्हरमध्ये जुलैअखेरीस सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि कंदील उठून दिसायला पावणेदहा होतात. तोवर चिमुकली मुले पेंगुळलेली असतात. अल्व्हर्स्टन त्याहून उत्तरेला आहे, आणि तिथे मिरवणूक सप्टेंबरमध्ये निघते. उन्हाळी उत्सवाने संध्याकाळ संगीत आणि सर्कशीने भरून काढली ती बरीचशी या लांबलेल्या प्रकाशामुळे. कार्यक्रमपत्रिकेवर सूर्यास्ताची वेळ न पाहता मिरवणूक आठ वाजता ठेवणारे आयोजक आजही सापडतात.

आगीच्या खेळात पॅसिफिकचा वाटा आहे. दोरीला गोळा बांधून फिरवायचे ‘पोई’ न्यूझीलंडच्या माओरींचे, आणि पेटत्या सुऱ्याचे नृत्य 1946 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सामोआच्या फ्रेडी लेटुलीने लोकप्रिय केले. आजच्या पेटत्या साधनांना केव्हलार या उष्णता सोसणाऱ्या धाग्याच्या वाती असतात. इंधनात बुडवून जास्तीचे झटकून काढल्याशिवाय पेटवायचे नाही, नाहीतर पहिल्याच फेऱ्यात जळते थेंब प्रेक्षकांत उडतात. इंधनाचे डबे झाकणबंद आणि खेळापासून बरेच दूर असावेत, कपडे सुती असावेत, कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. ओले जाड कापड घेतलेला माणूस प्रत्येक खेळाडूमागे उभा हवा. प्रेक्षकांची रेषा दोरीने आखावी, चुन्याची रेघ गर्दी दहा मिनिटांत पुसते. तोंडातून ज्वाळा काढणे अनेक आयोजक नाकारतात, कारण इंधन श्वासातून फुप्फुसात गेले तर गंभीर इजा होते.

संगीताबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ताफे विनाध्वनिवर्धक का, एवढेच. चालत्या मिरवणुकीत जनित्र ओढता येत नाही आणि बागांच्या परवान्यांत रात्रीच्या आवाजाला मर्यादा असते. ढोल आणि पितळी वाद्ये दोन्ही अडचणी टाळतात. मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिलचा ‘हॉंक’ हा 2006 मध्ये सुरू झालेला मोफत उत्सव तर अशाच रस्त्यावरच्या ताफ्यांचा आहे, फक्त तो ऑक्टोबरमध्ये भरतो.

मोफत म्हणजे खर्च नाही असे नव्हे. परवाने, विमा, फिरती स्वच्छतागृहे, प्रथमोपचार आणि दुसऱ्या दिवशीची सफाई ही बिले गर्दीबरोबर वाढतात, आणि तिकीट नसल्याने उत्पन्न गर्दीबरोबर वाढत नाही. अनुदान आधीच ठरलेले असते, टोपीत पडणारे पैसे अंदाजावर. त्यामुळे असे उत्सव बहुधा अपयशाने नव्हे तर यशाने अडचणीत येतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण व्हरमाँटमधले. पीटर शुमनच्या ‘ब्रेड अँड पपेट’ने 1970 मध्ये सुरू केलेली मोफत वार्षिक बाहुली-सर्कस ग्लोव्हरच्या शेतावर इतकी फुगली की दर उन्हाळ्याला हजारोंचे तळ पडू लागले. 1998 मध्ये जवळच्या तळावरच्या मारामारीत एकाचा मृत्यू झाला आणि मंडळीने तो वार्षिक सोहळा बंद केला. उन्हाळ्यातले प्रयोग मात्र थांबवले नाहीत. एका प्रचंड शनिवार-रविवारऐवजी ते लहान आकारात अनेक रविवारी वाटून टाकले, आणि प्रेक्षकांना खेळानंतर फुकट पाव वाटायची रीतही तशीच ठेवली.

ट्राउट लेकवरचा तो जुना वार्षिक उत्सव थांबला आहे. वेल्फेअर स्टेट मंडळीने 1 एप्रिल 2006 रोजी, मूर्खांचा दिवस मुद्दाम निवडून, स्वतःचा कारभार गुंडाळला. कंदिलाचे तंत्र मात्र हस्तपुस्तिकांतून आणि कार्यशाळांतून आधीच बाहेर पडले होते, त्याला कोणा एका संस्थेची गरज उरली नव्हती. नव्याने सुरू करणाऱ्या वस्त्यांनी पहिल्या वर्षी साधारण शंभरेक कंदील, एक ताफा आणि दोन काठीवाले इतकेच ठेवावे, आणि गर्दी आवाक्यात राहावी म्हणून जागेची माहिती छापील फलकाऐवजी कार्यशाळेत येणाऱ्यांनाच द्यावी, असा या क्षेत्रातल्या जाणत्यांचा कल असतो.