दोन नावांची एकच बुरशी

उंच फेस्क्यू गवताच्या पर्णकोशाची पातळ साल निळ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की पेशींच्या रांगांमधून वर चढत गेलेले नागमोडी, क्वचितच फाटे फुटलेले तंतू दिसतात. ही एपिक्लोई प्रजातीतली बुरशी. गवत बाहेरून ठणठणीत असतं, पण आत या बुरशीचं कायमचं बिऱ्हाड असतं.

या प्रजातीतल्या काही जाती कधीच बाहेर डोकावत नाहीत. त्या बियांतून गवताच्या पुढच्या पिढीत जातात. काही मात्र फुलोरा येण्याच्या सुमारास खोडाभोवती पांढरा थर चढवतात आणि फुलोरा आतच गुदमरतो. या थरावर बोटानोफिला नावाच्या माश्या येतात, त्यातले बीजाणू खातात आणि दुसऱ्या थरावर अंडी घालून तिथेच विष्ठा फासत फिरतात. बीजाणू माशीच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि बुरशीचं फलन होतं. परागीभवनच म्हणा, फक्त भलत्याच मार्गाने!

तुलान बंधूंनी 1865 मध्ये एपिक्लोई ही प्रजाती मांडली ती या दिसणाऱ्या, लैंगिक रूपावरून. मग न दिसणाऱ्यांचं काय करायचं? बुरशीच्या वर्गीकरणात लैंगिक आणि अलैंगिक रूपांना वेगवेगळी नावं देण्याची मुभा होती. त्यामुळे गवतात दडलेल्या जाती 1982 मध्ये अ‍ॅक्रिमोनियम या दुसऱ्याच प्रजातीत गेल्या आणि 1996 मध्ये त्यांच्यासाठी निओटायफोडियम ही स्वतंत्र प्रजाती निघाली. नात्याचा पत्ता लागला होता, तरी घरं वेगळीच राहिली.

खरी गंमत डीएनएने केली. उंच फेस्क्यूतल्या बुरशीत एकाच जनुकाच्या तीन वेगवेगळ्या प्रती सापडल्या, कारण ती तीन पूर्वजांचा संकर आहे. अलैंगिक जातींपैकी बऱ्याचशा अशाच संकरित निघाल्या आणि त्यांचे पूर्वज होते एपिक्लोईचेच. वंशवृक्षात फांद्या फुटत जातात, हे आपण गृहीत धरतो. इथे त्या पुन्हा एकमेकींत मिसळल्या होत्या. अशा बुरशीला झाडावर एकच जागा द्यायची तरी कुठली?

2011 च्या मेलबर्नमधल्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘एक बुरशी, एक नाव’ असा नियम झाला. त्यानुसार 2014 मध्ये निओटायफोडियमच्या बहुतेक जाती एपिक्लोईत आल्या. मला हा निर्णय उशिराचा वाटतो, पण योग्य.

तरीही पशुपालकाचं काम नुसत्या नावावर भागत नाही. रायगवतातल्या एकाच जातीच्या बुरशीचे काही वाण लोलिट्रेम-बी नावाचं विष बनवतात आणि ते गवत खाल्लेल्या मेंढ्या थरथरत, अडखळत चालतात. न्यूझीलंडमध्ये वापरात असलेला एआर-1 हा त्याच जातीचा वाण ते विष बनवत नाही. पण त्यातलं पेरामाइन हे रसायन खोड पोखरणाऱ्या अर्जेंटाइन सोंड्या किड्याला दूर ठेवतं. म्हणून तिथे बियाणं घेताना गवताच्या वाणाइतकीच आतल्या बुरशीच्या वाणाचीही चौकशी होते.