हायड्रॉक्सीयुरिया आणि त्वचेचा कर्करोग

रक्ताच्या काही जुनाट आजारांत वर्षानुवर्षे घ्याव्या लागणाऱ्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाशी जोडला गेलेला धोका. पॉलिसायथीमिया व्हेरामध्ये तांबड्या पेशी, तर इसेन्शियल थ्रोम्बोसायथीमियामध्ये प्लेटलेट्स बेसुमार वाढतात. रक्तात गुठळी होऊन पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ नये, म्हणून ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल सुरू होतात आणि अनेकांच्या बाबतीत दहा-वीस वर्षे चालतात.

हे रसायन १८६९ मध्ये जर्मनीत तयार झाले. औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९६७ मध्ये. डीएनएचे सुटे घटक बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ते अडवते, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना लगाम बसतो. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेतील डीएनए रोज थोडे बिघडते आणि पेशी ते रोज दुरुस्त करतात. या दुरुस्तीलाही तेच घटक लागतात. ते अपुरे पडले की बिघाड साचत जातो, असे मानले जाते.

सुरुवात फसवी असते. कानाची वरची कड, टक्कल, नाक, खालचा ओठ, हाताची पाठ अशा उन्हाच्या जागी एखादा खरखरीत ठिपका येतो. डोळ्यांना तो धड दिसत नाही. बोट फिरवले तर मात्र पॉलिश पेपरसारखा लागतो. ही ॲक्टिनिक केराटोसिस, कर्करोगाच्या आधीची अवस्था. खपली पडून पुन्हा धरू लागली, गाठ वाढली, रक्त येऊ लागले, तर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाची शंका घेऊन बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करावी लागते. काही रुग्णांत अशा गाठी एकामागून एक येतात. घोट्याजवळची, अतिशय दुखणारी न भरणारी जखम हा याच औषधाचा वेगळा दुष्परिणाम आहे. तिला कर्करोग समजू नये.

सगळा दोष औषधाचा नाही. मूळ आजारातही त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळते, आणि गोरी कातडी, वय व आयुष्यभराचे ऊन यांची त्यात भर पडते. पर्यायी औषध रुक्सोलिटिनिब याच्याबाबतही असाच इशारा दिला जातो. त्यामुळे एकदा कर्करोग झालेल्यांसाठी इंटरफेरॉन या दुसऱ्या औषधाचा विचार होतो.

रक्ततपासणीच्या प्रत्येक फेरीत सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) कागद बारकाईने पाहिला जातो, पण सदऱ्याची बाही वर करून कातडी क्वचितच पाहिली जाते. ही उणीव मोठी आहे. वर्षातून एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासावे. टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन रोजचे असावे. भीतीने गोळी परस्पर बंद करू नये. पेशी पुन्हा वाढतात आणि गुठळीचा धोका लगेच परततो.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हेच औषध सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी दिले जाते. त्या रुग्णांत असा वाढीव धोका ठळकपणे दिसलेला नाही. या औषधाने नखांवर उमटणारे उभे काळसर पट्टे बहुधा निरुपद्रवी असतात; मात्र एकाच नखावरचा पट्टा रुंदावत कातडीवर उतरू लागला, तर तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा.