एच-४ ईएडीचं नूतनीकरण: ५४० दिवसांची सवलत गेल्यावर काय सांभाळायचं

नूतनीकरणाची पावती हातात आली की नोकरी चालू ठेवता येते, हा समज अजून बऱ्याच जणांच्या डोक्यातून गेलेला नाही. अमेरिकेत एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) राहून ईएडी कार्डावर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नोकरी करणाऱ्यांसाठी तो आता महागात पडणारा आहे. ३० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर दाखल झालेल्या नूतनीकरणाच्या अर्जाला आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्डावरची तारीख उलटली आणि नवं कार्ड मंजूर झालेलं नसलं, तर काम त्याच दिवशी थांबतं.

ही मुदतवाढ २०१७ पासून १८० दिवसांची होती, एच-४ वाल्यांना ती २०२१ पासून मिळायला लागली. अर्ज तुंबायला लागले तेव्हा ती ५४० दिवसांवर नेली आणि १३ जानेवारी २०२५ पासून तो नियम कायमचा केला. कायमचा म्हणजे साडेनऊ महिने. ती काढून टाकणारा नवा नियम फेडरल रजिस्टरमध्ये (अमेरिकी सरकारच्या राजपत्रात) ज्या दिवशी छापला त्याच दिवशी लागू झाला, आणि लोकांच्या हरकती मात्र १ डिसेंबरपर्यंत मागवल्या. आधी अक्षता टाकायच्या आणि मग पत्रिका जुळते का ते बघायचं, असा प्रकार.

२९ ऑक्टोबरपर्यंत दाखल झालेल्या अर्जांना जुनी सवलत आहे. पण एच-४ वाल्यांना तीही स्वतःच्या आय-९४ च्या (देशात कधीपर्यंत राहता येतं याच्या नोंदीच्या) तारखेपर्यंतच होती. पावतीवर ५४० लिहिलंय म्हणून पूर्ण ५४० दिवस मिळतात असं तेव्हाही नव्हतं. ज्यांच्या आय-९४ वर एल-२एस (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्या एल-१ कर्मचाऱ्याचा जोडीदार) अशी नोंद आहे त्यांना नोकरीसाठी ईएडीच लागत नाही. स्टेम ओपीटीची (विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कामाच्या परवान्याची) १८० दिवसांची वेगळी तरतूदही तशीच आहे.

पात्रता २०१५ पासून बदललेली नाही. तुम्ही एच-४ वर असलेले नवरा किंवा बायको हवेत (मुलांना हे कार्ड मिळत नाही), आणि एच-१बी वरच्या जोडीदाराचा आय-१४० (त्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर हवा, किंवा त्याला एच-१बीच्या सहा वर्षांपलीकडची वाढ मिळालेली हवी.

आता तारखांचा घोळ. नूतनीकरणाचा अर्ज कार्ड संपण्याआधी १८० दिवसांपर्यंत करता येतो, त्याहून आधी नाही. हे सगळ्यांना पाठ असतं. लक्षात येत नाही ते हे, की ईएडी तुमच्या एच-४ च्या मुदतीपलीकडे देत नाहीत. तुमचं एच-४ जोडीदाराच्या एच-१बी वर टेकलेलं आणि एच-१बीची वाढ कंपनीच्या हातात. बहुतेक घरांत तिन्ही एकाच तारखेला संपतात. म्हणजे एच-४ वाढीचा आय-५३९ मंजूर होईपर्यंत तुमचा आय-७६५ (ईएडीचा अर्ज) पुढे सरकत नाही, आणि कंपनीने एच-१बीचे कागद शेवटच्या महिन्यात पाठवले तर तुम्ही वेळेवर केलेली सगळी तयारी वाया. जानेवारी २०२५ पर्यंत एका खटल्यातल्या तडजोडीमुळे हे तिन्ही अर्ज एकत्र दिले तर एकत्र तपासले जायचे. ती तडजोड संपली. आता कंपनी प्रीमियमचे, म्हणजे अर्ज लवकर तपासण्याचे, जादा पैसे भरून एच-१बीवर पंधरा कामकाजी दिवसांत निर्णय मिळवू शकते. एच-४ आणि त्याच्या ईएडीला प्रीमियमची सोयच नाही. म्हणून मुदत संपायला सहा महिने उरले की त्याच आठवड्यात जोडीदाराने कंपनीच्या मागे लागायचं. ‘एचआर म्हणाले बघू’ यावर गप्प बसू नका.

पासपोर्टही बघा. विमानतळावरचा अधिकारी आय-९४ ची तारीख पुष्कळदा पासपोर्ट संपण्याच्या तारखेपर्यंतच देतो. एच-१बी २०२८ पर्यंत मंजूर, पण पासपोर्ट २०२७ च्या मार्चमध्ये संपतोय, की एच-४ मार्चमध्येच संपलं आणि ईएडीही तिथवरच. पुण्याहून परत आल्यावर बॅगा उघडण्याआधी आय-९४ डाउनलोड करून तारीख वाचा. पासपोर्टचं नूतनीकरण प्रवासाआधी करून घेतलं तर ही भानगड होत नाही.

सगळ्यात अडणारा कागद म्हणजे आय-१४० च्या मंजुरीची नोटीस. अर्ज कंपनीचा, त्यामुळे नोटीस कंपनीकडे किंवा तिच्या वकिलाकडे, आणि नोकरी बदललेली असली तर जुनी कंपनी फोनही उचलत नाही. लोक इथेच हात टेकतात. तसं करायची गरज नाही. पावती क्रमांक (तीन अक्षरं आणि दहा आकडे), कंपनीचं नाव आणि जोडीदाराचं नाव लिहून सहीनिशी निवेदन जोडा. असा दुय्यम पुरावा विचारात घेण्याची मुभा नियमातच आहे. क्रमांकही माहीत नसेल तर जोडीदाराने यूएससीआयएसकडे (हे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे) माहिती अधिकाराखाली स्वतःच्या फाइलची प्रत मागवावी, पण त्याला वेळ लागतो, तेव्हा ते काम आजच करा. मंजुरीला १८० दिवस होऊन गेल्यावर जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतला तरी केवळ त्यामुळे तो रद्द होत नाही.

दुसरा खास आपला घोळ नावांचा. विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव मधे. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे आणि सासरचं आडनाव. कुणाचं पाळण्यातलं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं. तिथल्या तपासणाऱ्याला ही दोन माणसं वाटतात. आय-७६५ मध्ये पूर्वीची नावं विचारणारी जागा आहे, ती रिकामी सोडू नका. कागदोपत्री असलेलं प्रत्येक नाव तिथे लिहा. ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर करणाऱ्याने ते पूर्ण व अचूक असल्याचं आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं सहीनिशी लिहायचं, एवढंच. नोटरीची गरज नाही. त्यावर कुणाला पैसे देत बसू नका.

बाकी नेहमीचं: आय-९४, पासपोर्ट, जुन्या कार्डाच्या दोन्ही बाजू, जोडीदाराची एच-१बी नोटीस आणि पगाराच्या अलीकडच्या पावत्या, आणि फॉर्मच्या सूचनांत मागितले असतील तर फोटो. अर्जातल्या वर्गाच्या रकान्यात सी-२६.

पाकीट न उघडल्यासारखं परत येतं ते अनेकदा दोन कारणांनी. एक, फॉर्मची आवृत्ती जुनी. पानाच्या तळाशी तारीख असते. पाठवायच्या दिवशी ती यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरच्या तारखेशी ताडून बघा, आणि सगळी पानं एकाच आवृत्तीची हवीत. दोन, फी. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर टपालाने पाठवलेल्या अर्जांना चेक चालत नाही. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने भरण्यासाठी जी-१४५० हा फॉर्म किंवा अमेरिकन बँक खात्यातून थेट भरण्यासाठी जी-१६५०. कागदी अर्जाची फी ५२० डॉलर आहे, पण फीचं पानही त्याच दिवशी बघा. बँकेने संशयाने व्यवहार अडवला की अर्ज परत, आणि गेलेले दिवस तुमचे.

एवढं करून कार्ड आलं नाही तर, एच-४ ची मुदत बाकी असली किंवा वाढीचा अर्ज वेळेत गेलेला असला, की देशात राहता येतं, काम करता येत नाही. घरून नाही, ‘तात्पुरतं बिनपगारी’ म्हणून तीच नोकरीही नाही. एचआरला आधीच सांगून रजा मागा. तातडीने निर्णय द्या अशी विनंती करता येते, पण नुसतं ‘मला काम करायचं आहे’ हे कारण चालत नाही. नोकरी जाण्याचं कंपनीचं पत्र, घराचा हप्ता असा गंभीर आर्थिक नुकसानीचा पुरावा लागतो, आणि अर्ज तुमच्याकडूनच उशिरा गेला असेल तर तोही उपयोगाचा नाही. त्याचबरोबर आपल्या भागातल्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याच्या कार्यालयालाही लिहा. ते आधी माहिती देण्याच्या संमतीचा एक फॉर्म भरून घेतात, तो लगेच भरून द्या.