राइट टू वर्क म्हणजे नोकरीची हमी? अजिबात नाही

"अमेरिकेतल्या टेक्सासात राइट टू वर्क कायदा आहे म्हणजे तिथे उगाच कुणाला नोकरीवरून काढता येत नाही" असं ठोकून देणारे बरेच भेटतात. साफ चूक. ही काही आपली रोजगार हमी नाही, काम द्यायचं किंवा टिकवायचं बंधन मालकावर नाहीच, उलट अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालक कारण न सांगताही काढू शकतो (भेदभाव वगैरे अपवाद सोडून) आणि त्यातून जरा वाचवतो तो युनियनचा करारच.

मग कायदा करतो काय? तर युनियनला पैसे देणं ही नोकरीची अट ठेवता येत नाही, बस. १९४७च्या टाफ्ट-हार्टली या केंद्रीय कामगार कायद्याने राज्यांना असा कायदा करायची मुभा दिली, आज २६ राज्यांत राइट टू वर्क आहे, मिशिगनने २०२३मध्ये रद्द केला. आणि कायदा नसलेल्या राज्यातही पूर्ण मेंबर व्हायची सक्ती नसतेच, फार तर वाटाघाटींच्या खर्चापुरती फी. सरकारी नोकरीत सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या जेनस निकालापासून देशभर तीही नाही.

खरी गोम वेगळीच. पैसे न देणाऱ्याचीही बाजू युनियनला मांडावीच लागते, करारातली पगारवाढ त्यालाही मिळते, मग वर्गणी कोण कशाला भरेल? न पटणाऱ्या संघटनेला पैसे का द्यायचे हा समर्थकांचा सवाल फालतू नाही, पण तिजोरी आटली की मालकासमोर बसणाऱ्या युनियनचा जोरही आटतो.