खिडकीतून खाली सोडलेली वायर

दिवेलागणीला छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या किंवा गारखेड्याच्या गल्लीतून चक्कर मारली, की वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली एखादी वायर दिसतेच. टोकाला एक्स्टेंशन बोर्ड, पावसाच्या भीतीनं त्यावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी आणि शेजारी चार्जिंगला लावलेली स्कूटर. सरकारी कागदांतली 'चार्जिंगची पायाभूत सुविधा' गल्लीत अशी दिसते.

या वायरची गोष्ट बॅटरीपासून नाही, भारनियमनापासून सुरू होते. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण जन्माला आली, तेव्हा मराठवाड्यातल्या गावांत दिवसातले बारा-बारा तास लाईट नसायची. शहरांतही वेळापत्रक कॅलेंडरशेजारी लावलेलं असे. जिथं पिठाची गिरणी लाईटची वाट बघत थांबायची, तिथं गाडी विजेवर चालवायची कल्पना म्हणजे थट्टाच. २०१२च्या अखेरीस राज्याच्या बहुतेक भागांत भारनियमन थांबलं; पण वीजगळती आणि थकबाकीनुसार फीडरांचे, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांचे, गट पाडलेले होते. बिल वेळेवर भरणारा माणूसही वाईट गटातल्या फीडरवर राहत असेल, तर अंधारातच बसायचा.

त्याच काळात शिसं-आम्लाच्या बॅटरीवरच्या स्कूटर येऊन गेल्या. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॅटपर्यंतची मोटर असलेली गाडी. पासिंग नको, लायसन्स नको. क्लासला जाणाऱ्या मुली आणि निवृत्त मास्तर हे तिचे हक्काचे गिऱ्हाईक. चार्जिंगला सहा ते आठ तास लागायचे आणि मधेच लाईट गेली, की सगळं गणित बिघडायचं. केंद्राचं अनुदान नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झालं आणि मार्च २०१२ मध्ये संपलं. त्यासरशी बाजारही बसला. त्या बॅटऱ्या शेवटी भंगारात गेल्या आणि 'बॅटरीची गाडी टिकत नाही' हे वाक्य मात्र घराघरांत मुक्कामाला राहिलं.

पुढं विजेवरच्या गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम योजना आली, पहिली २०१५ ला, दुसरी २०१९ ला. लिथियम बॅटरीमुळं गाडी हलकी झाली आणि पळायलाही लागली. पण दुचाकीला खरा उठाव आला तो जून २०२१ नंतर, अनुदान बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला (म्हणजे एका युनिटला) १५ हजार रुपये झालं तेव्हा. ३ किलोवॅट-तासाच्या बॅटरीमागे ४५ हजार! त्याच जुलैत विजेवरच्या गाड्यांसाठी राज्याचं धोरण आलं. १ जून २०२३ पासून केंद्रानं अनुदानाचा दर १० हजारांवर आणला आणि त्यावर गाडीच्या किमतीच्या १५ टक्क्यांची मर्यादाही घातली. 'स्वस्त' हा शब्द या गाडीला कायम सरकारच्या मर्जीनंच चिकटलेला आहे.

चार्जिंगचा कायदा त्यामानानं लवकर मोकळा झाला. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, सेवा आहे; त्याला परवाना नको, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला मोकळीक दिली. फेब्रुवारी २०२४ पासून ग्राहक चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागू शकतो.

गल्लीतलं गणित वेगळंच असतं. समजा, महिन्याला ९० युनिट जाळणारं घर आहे. स्कूटर एका चार्जिंगला साडेतीन युनिट खाते. महिन्यात बारा वेळा लावली, तर ४२ युनिट वाढले. शंभरची पायरी ओलांडली, की पुढच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट. तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतं, हे खरं. पण बिल हातात आल्यावर घरात पहिलं बोट स्कूटरकडंच जातं.

अर्थिंगचं दुखणं तर कुणी मोजतच नाही. मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी उन्हाळ्यात कोरडी पडते. प्यायचं पाणी कित्येक दिवसांआड येणाऱ्या शहरात अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतायची कोण? कारचा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर सरळ बंद पडतो, मग दोष गाडीला. त्यात २०२२ च्या उन्हाळ्यात देशभरात स्कूटरांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या आणि अपार्टमेंटच्या जिन्याखाली 'येथे चार्जिंग करू नये' असे कागद चिकटले. बॅटरी सुरक्षेचे नियम त्याच वर्षाअखेरीस कडक झाले, कागद मात्र अजून तिथंच आहेत.

इथं गाड्यांची हौस कमी नाही. २०१० मध्ये याच शहरानं एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. आता शहराजवळच्या बिडकीनला ई-स्कूटरच्या कारखान्याची घोषणा झाली आहे, त्यापाठोपाठ जुलै २०२४ मध्ये विजेवरच्या आणि हायब्रीड गाड्यांसाठी टोयोटा किर्लोस्करचा राज्याशी करारही झाला. शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत तर १९८५ पासून गाड्या बनतात. पण तिथल्याच बजाजनगरात किंवा रांजणगावात एका खोलीत भाड्यानं राहणाऱ्या कामगाराचा मीटर स्वतःच्या नावावर नसतो. घरमालकाचा सबमीटर, युनिटचा दर मालक सांगेल तो आणि खोली ठरवतानाच विचारलेला प्रश्न: "बॅटरीची गाडी नाही ना?"