गॉगल जितका काळा तितका चांगला?

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि रस्त्याच्या कडेला गॉगलचे स्टँड उभे राहतात. गिऱ्हाईक एकेक गॉगल उन्हाकडे धरून बघतं आणि सगळ्यात काळा उचलतं. इथेच फसगत होते. डोळ्यांना अपाय करणाऱ्या अतिनील किरणांची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी. ते दिसत नाहीत आणि काचेच्या रंगाशी त्यांना देणंघेणं नसतं. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची अगदी पारदर्शक काचही ते बहुतांश शोषते. उलट नुसत्याच काळ्या काचेमागे अंधार वाटून डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि न अडवलेले किरण जास्त आत शिरतात. वर्षानुवर्षांच्या अशा माऱ्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो.

(डोळे आलेल्याने गॉगल लावला की साथ पसरत नाही, ही समजूतही सोडा. ती नजरेने नाही, हाताने आणि टॉवेलने पसरते.)

खरी गंमत पोलराइज्ड गॉगलची. तो लावून भर दुपारी सिद्धेश्वर तलावाकडे बघा. पाण्यावरची चकाकी विरते. प्रकाशतरंगांची कंपनं त्यांच्या वाटेला काटकोनात, पण सगळ्या दिशांना असतात. पाण्यावर पडलेला प्रकाश तिथल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो आणि हलणारे इलेक्ट्रॉन परावर्तित किरण सोडतात. मात्र इलेक्ट्रॉन ज्या रेषेत हलतो, त्या रेषेत तो प्रकाश सोडत नाही. लंबाशी, म्हणजे पाण्यावरच्या सरळ उभ्या रेषेशी, ५३ अंशांनी आलेला किरण पाण्यात शिरताना ३७ अंशांवर वळतो. ५३ आणि ३७ मिळून ९०, म्हणजे आत गेलेला आणि परावर्तित किरण एकमेकांना काटकोनात! उभ्या कंपनांनी हलणारे इलेक्ट्रॉन तेव्हा नेमके परावर्तनाच्याच दिशेने हलत असतात, म्हणून त्यांचा वाटा शून्य. उरतात ती फक्त आडवी कंपनं. पाण्याच्या काठाशी उभं राहिलं तर साधारण दोन मीटरवरच्या पाण्यावर हा कोन जुळतो.

गॉगलमधल्या पातळ फिल्ममध्ये लांबलचक रेणू ताणून आडवे बसवलेले असतात. आडवी कंपनं त्यांच्यात शोषली जातात, उभी पार होतात. मान खांद्याकडे कलती करा, चकाकी परत येऊ लागेल. तापलेल्या डांबरी रस्त्याची चमकही अशीच मरते, म्हणून दुचाकीवाल्यांना तो फार सोयीचा.

पण चकाकी मारणं वेगळं, अतिनील अडवणं वेगळं. त्यासाठी ‘यूव्ही ४००’ (यूव्ही म्हणजे अतिनील) लिहिलेलं बघा. नुसत्या स्टिकरवर भरवसा नसेल, तर चष्म्याच्या दुकानात यूव्ही मीटर असल्यास काच तपासून घ्या. फ्रेमही रुंद हवी, कारण बाजूने येणाऱ्या उन्हाला काच आडवी येत नाही.