दक्षिण चिनी समुद्रात ‘दुसरं सौदी’ नाही

सोयाबीन काढणीच्या दिवसांत डिझेलचा विषय निघाला की आमच्या गावच्या पारावर एक वाक्य हमखास येतं: “दक्षिण चिनी समुद्राखाली सौदीपेक्षा जास्त तेल आहे, म्हणून तर अमेरिका अन् चीन तिथं भिडले.” कास्तकार मंडळी माना डोलावतात. पण हिशेब जुळत नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाचा २०१३ चा अंदाज आहे सुमारे १,१०० कोटी बॅरल तेलाचा. जग रोज साधारण १० कोटी बॅरल जाळतं. म्हणजे एकशे दहा दिवसांचा माल! सौदीकडे सुमारे २६,००० कोटी बॅरल आहे. चीनच्या सरकारी तेल कंपनीने १२,५०० कोटींचा आकडा दिला होता, पण तोही सौदीच्या निम्म्याखालीच. वायू मात्र बरा आहे, सुमारे १९० लाख कोटी घनफूट. गंमत अशी, की यातलं बहुतेक किनाऱ्यालगत, वाद नसलेल्या भागात आहे.

मग भांडण कशाचं? आपल्याकडच्या धुऱ्यासारखं, म्हणजे शेताच्या बांधासारखं. दोन ओळींच्या पिकापेक्षा हद्द कोणाची अन् वाट कोण अडवणार, हेच मोठं. चीन, जपान, दक्षिण कोरियाकडे जाणारी तेलाची जहाजं याच पाण्यातून जातात. मासेमारीही आहेच. चीनने नकाशावर ओढलेल्या तुटक रेषेतल्या ऐतिहासिक हक्काच्या दाव्याला कायद्याचा आधार नाही, असा निवाडा हेगच्या लवादाने १२ जुलै २०१६ रोजी दिला. चीनने तो मानला नाही.

आणि आपल्या ट्रॅक्टरचं डिझेल? आखातातलं कच्चं तेल अरबी समुद्रातून येतं, त्या वाटेने नाही.